महाविद्यालयात मास्लेनित्सा कशी घ्यावी : रशियन शिकणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्यानं

रशियन विभागाचा सांस्कृतिक कार्यक्रम बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातून निघतो. दोन मुली लाल सराफान घालून नाचतात, एक मुलगा पाठ केलेली कविता एका दमात म्हणून टाकतो, पाहुण्यांचं भाषण इंग्रजीत, आभार मराठीत, मग समोसा आणि पांगापांग. दोन तासांत रशियन बोललेली माणसं मोजली तर एका हाताची बोटंही पुरून उरतात. बाकीचे टाळ्या वाजवतात आणि फोटो काढतात.

चूक मुलांची नसते, क्रमाची असते. आधी पोशाख, मग खाणं, मग नाच ठरतो आणि भाषा शेवटी कुठेतरी चिकटवली जाते. खाली दिलेला क्रम याच्या उलटा आहे. एकच नियम धरून चालायचं : आलेला प्रत्येक जण, अगदी पहिल्या सत्रातला मुलगासुद्धा, रशियन वाक्य बोलल्याशिवाय घरी जाणार नाही.

उदाहरण मास्लेनित्साचं घेतलं आहे. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या मोठ्या उपवासाआधीचा हा आठवडा. त्याच्या सातही दिवसांना स्वतःचं नाव आणि ठरलेलं काम आहे, त्यामुळे उपक्रमाचा आराखडा आयता मिळतो. शिवाय तो आपल्या दुसऱ्या सत्रात येतो. रशियन भाषा दिन ६ जूनला, म्हणजे पुश्किनच्या जन्मदिवशी असतो, पण तेव्हा आपल्याकडे सुट्ट्या किंवा प्रवेशाची धांदल. २५ जानेवारीला तात्यानाचा दिवस, म्हणजे रशियातला विद्यार्थी दिन येतो, पण दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन असल्यानं सभागृह मिळत नाही. त्या दिवशी वर्गातच चहा करा, मोठा घाट घालू नका.

टप्पा १ : तारीख आणि जागा (सहा आठवडे आधी)

मास्लेनित्साची तारीख दर वर्षी बदलते, कारण ती ईस्टरवरून मोजतात, आणि तेही ऑर्थोडॉक्स ईस्टरवरून. इथेच पहिली घसरण होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेला ईस्टर बहुधा पाश्चात्त्य चर्चचा असतो. त्यावरून मागे मोजत गेलात तर आठवडा चुकू शकतो. पुढची दोन वर्षं अशी :

- २०२७ : ८ ते १४ मार्च
- २०२८ : २१ ते २७ फेब्रुवारी

२०२७ मध्ये सोमवारच ८ मार्च आहे. महिला दिन रशियात मोठी सुट्टी असते आणि आपल्याकडेही त्या दिवशी महाविद्यालयात कार्यक्रम असतात. दोन्हींची सरमिसळ नको, बुधवार किंवा गुरुवार धरा. २०२८ चा शेवटचा रविवार मराठी भाषा गौरव दिनाच्या दिवशीच आला आहे. त्या आठवड्यात सभागृहासाठी मराठी विभागाशी झटापट होणार हे गृहीत धरून अर्ज लवकर द्या.

सभागृहापेक्षा दोन मोठे वर्ग आणि एक व्हरांडा मिळाला तर उत्तम. खुर्च्यांच्या रांगा समोर असल्या की माणूस प्रेक्षक होतो. आपल्याला प्रेक्षक नकोच आहेत. खुर्च्या भिंतीला लावून मधे टेबलं मांडता येतील अशी जागा बघा.

परवानगीच्या अर्जात तीन गोष्टी वेगळ्या लिहा : इंडक्शन शेगडी वापरणार आहोत, खाद्यपदार्थ वाटणार आहोत, बाहेरचे पाहुणे येणार आहेत. शेवटच्या दिवशी शिपायानं वीज किंवा गेट अडवलं तर हा कागद हातात असावा.

मुंबईत पेडर रोडवर रशियन हाउस आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात रशियन शिकवतात. पोस्टर, पुस्तकं, पाहुणे किंवा परीक्षक हवे असतील तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र याच टप्प्यावर पाठवा. आठवडाभर आधी फोन करून काही मिळेल अशी आशा धरू नका.

⚠️ पेंढ्याची बाहुली : रविवारी मास्लेनित्साची बाहुली जाळतात हे वाचलं की मुलांना होळी आठवते आणि उत्साह चढतो. आवारात आग लावू नका. बाहुली करा, तिला निरोप द्या, इतकं पुरे. तो कसा द्यायचा ते सहाव्या टप्प्यात आहे.

टप्पा २ : मुलांची वाटणी (पाच आठवडे आधी)

सर्वसाधारण पद्धत अशी की ज्यांचं रशियन चांगलं ते मंचावर आणि बाकीचे सजावट, पाणी, खुर्च्या. ही वाटणी मोडा. सजावटीच्या मुलालाही कार्यक्रमात एखाद्या टेबलामागे उभं राहायचं आहे (ही टेबलं सहाव्या टप्प्यात येतील).

तीन गट करा. पहिल्या सत्रातल्या, नुकती लिपी शिकलेल्या मुलांना ठरलेली दोन-तीन वाक्यं द्या : स्वागत, विचारणा, आभार. वर्षभर शिकलेल्यांना प्रश्नोत्तरं द्या, म्हणजे समोरचा काय बोलेल ते आधी माहीत नसलेला संवाद. त्यापुढच्यांना सूत्रसंचालन आणि टेबलप्रमुखाचं काम.

सूत्रसंचालनाबद्दल एक आग्रह. 'आधी रशियन, मग इंग्रजी, मग मराठी' असं तीनदा बोलू नका. लोक दुसऱ्या भाषेची वाट बघत बसतात आणि पहिलीकडे कुणी लक्ष देत नाही. सोपं रशियन, हातवारे आणि फळ्यावर लिहिलेले आठ-दहा शब्द यांवर निभतं. भाषा न येणारे पाहुणे असतील तर त्यांच्याशेजारी एक विद्यार्थी बसवा, तो हळू आवाजात सांगेल.

✔ तपासा : यादीतल्या प्रत्येक नावापुढे निदान एक रशियन वाक्य लिहिलेलं आहे का? ज्याच्यापुढे नुसतं 'फुगे' लिहिलं असेल, त्याला टेबल द्या.

टप्पा ३ : वाक्यं आणि उच्चार (चार ते दोन आठवडे आधी)

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे घाई केली की पुढचं सगळं नाटकी होतं.

*कागद सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन लिपीतच असावा.* या लेखात रशियन शब्द देवनागरीत आहेत ते तुम्हाला पटकन वाचता यावेत म्हणून. मुलांच्या हातात मात्र देवनागरीत उतरवलेलं रशियन देऊ नका. एकदा ती कुबडी मिळाली की लिपीकडे कुणी वळून बघत नाही, आणि देवनागरीत रशियनचे मऊ-कठीण व्यंजनांचे भेद नीट उतरतही नाहीत.

*प्रत्येक शब्दावर आघाताची, म्हणजे जोर कुठे द्यायचा त्याची खूण करा.* रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' 'आ'कडे झुकतो. दुधाच्या शब्दात लिहिताना तीन 'ओ' आहेत, उच्चार मात्र 'मलको'. आघात कुठे आहे हे कळलं नाही तर मूल प्रत्येक अक्षर आपल्या पद्धतीनं पूर्ण उच्चारतं, आणि ऐकणाऱ्या रशियन माणसाला शब्दच लागत नाही.

*शेवटचं व्यंजन ऐका.* आपण मराठीत शेवटचा ग, द, ब स्वच्छ म्हणतो. रशियनमध्ये तो कठोर होतो : मित्र 'द्रुक', शहर 'गोरत', पाव 'ख्ल्येप', लिहिताना तिथे अनुक्रमे ग, द, ब असले तरी. मराठी मुलांची ही सवय सगळ्यात चिवट आहे. रोज पाच मिनिटं नुसते असे शब्द म्हणून घ्या.

एका बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. 'चमचा'मधला च आणि 'चहा'मधला च आपण न शिकता वेगळे बोलतो. रशियनमध्ये या दोहोंच्या जवळची दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. मास्लेनित्सातला 'त्सा' म्हणजे चमच्यातला च, हे एकदा सांगितलं की काम झालं.

*भाषांतर यंत्राला लिंग विचारू नका.* मुलं वाक्यं मोबाइलवर भाषांतरित करून आणतात. भूतकाळातलं क्रियापद बहुतेक वेळा पुल्लिंगी येतं आणि मुलगी मंचावरून 'मी आलो' म्हणते. 'प्रिश्योल' मुलाचं, 'प्रिश्ला' मुलीचं. 'आलो-आले' हा फरक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही, फक्त तपासावं लागतं. तसंच 'ती' आणि 'वी' : शिक्षकांना आणि पाहुण्यांना 'वी', वर्गमित्राला 'ती'. तू आणि तुम्ही जिथे वापराल तिथेच.

*कविता घ्यायची असेल तर* बारा ते सोळा ओळींची घ्या. लांब कविता पाठ करताना मुलं अर्थ सोडून देतात. पाठ करण्याआधी प्रत्येक ओळीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत मराठीत सांगायला लावा. जो सांगू शकत नाही त्याची कविता बदला.

✔ तपासा : दोन आठवडे आधी प्रत्येकाचं ध्वनिमुद्रण मागवा, व्हॉट्सॲपवर चालेल. शिक्षकांनी फक्त दोन चुका सांगाव्यात. दहा सांगितल्या तर एकही सुधारत नाही.

टप्पा ४ : फलक आणि सजावट (दोन आठवडे आधी)

हा टप्पा लहान आहे, पण कार्यक्रमाचं हसं इथेच होतं.

लॅटिन अक्षरांना रशियन रूप देण्यासाठी उलटा 'आर' वापरायची एक फॅशन आहे. ते सिरिलिक अक्षर 'या' असं वाचतात. घराच्या आकाराचं अक्षर 'ए' म्हणून वापरतात, ते प्रत्यक्षात 'द' आहे. रशियन वाचता येणाऱ्या माणसाला असा फलक निव्वळ बरळल्यासारखा दिसतो, आणि तो नेमका रशियन विभागाच्या दारावर असतो.

शुभेच्छा लिहिताना 'मास्लेनित्सा' असा नुसता प्रथमेतला शब्द लिहून चालत नाही. 'स मास्लेनित्सेय!' असं तृतीयेत यायला हवं. स्वागतासाठी 'दब्रो पझालवत्'. फ्लेक्सवाल्याला मजकूर टाइप करायला देऊ नका, त्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की चौकोन छापून येतात. पीडीएफ द्या, आणि छापायच्या आधी पडद्यावरचा फोटो मागवून अक्षर न् अक्षर जुळवा.

झेंडा लावणार असाल तर वरून पांढरा, निळा, लाल. विळा-हातोड्याचा सोव्हिएत झेंडा या सणाला लावू नका. नववर्षाचा द्येद मरोस, म्हणजे तिकडचा हिमबाबा, हाही कपाटातून काढू नका. मास्लेनित्साला सूर्याची चित्रं, रंगीत फिती, कापडी बाहुली आणि ब्लिनीची, म्हणजे घावनासारख्या पातळ रशियन पोळ्यांची चळत शोभते.

टप्पा ५ : ब्लिनी आणि चहा (आदल्या दिवसापासून)

या आठवड्यात परंपरेनं मांस खात नाहीत. दूध, लोणी, अंडी, मासे चालतात. त्यामुळे चिकन भरलेली ब्लिनी ठेवून 'अस्सल मास्लेनित्सा' म्हणणं चूक आहे, आणि आपल्या शाकाहारी मुलांसाठी हा सण सोयीचा आहे.

पन्नास जणांचा हिशेब करू. माणशी दोन, म्हणजे शंभर ब्लिनी. एका वेळच्या पिठासाठी :

- दूध ५०० मिली, कोमट
- अंडी २
- मैदा सुमारे २२० ग्रॅम
- साखर १ मोठा चमचा, मीठ अर्धा लहान चमचा
- तेल २ मोठे चमचे

यात मध्यम तव्यावर साधारण पंधरा ब्लिनी होतात. म्हणजे सात वेळचं पीठ : साडेतीन लिटर दूध, चौदा अंडी, दीड किलोच्या वर मैदा.

कृतीचा क्रम महत्त्वाचा. अंडी, साखर, मीठ फेटा. अर्धं दूध घाला, मग मैदा, आणि गुठळ्या मोडेपर्यंत घोटा. उरलेलं दूध त्यानंतर. सगळं दूध आधी घातलंत तर गुठळ्या मोडत नाहीत. शेवटी तेल. अर्धा तास झाकून ठेवा. पीठ घावनाच्या पिठाइतकं पातळ हवं. तवा चांगला तापल्यावरच पळीभर पीठ ओतून तवा फिरवा. कडा सुटून तपकिरी झाल्या की उलथा. उतरवल्यावर वरून लोणी फिरवून एकावर एक रचा आणि झाकून ठेवा, म्हणजे मऊ राहतात. पहिली फाटणारच. रशियनमध्ये त्यासाठी म्हणच आहे : 'पेर्वी ब्लिन कोमम', पहिल्या ब्लिनीचा गोळा होतो. कार्यक्रमात ब्लिनीच्या टेबलावर ही म्हण लिहून ठेवा, दिवसभर वापरात येते.

अंडी न खाणाऱ्यांसाठी अर्धं दूध, अर्धं घुसळलेलं दही, चिमूटभर सोडा आणि मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर. ही जरा जाड होतात आणि उलथताना सांभाळावी लागतात. भांडं, पळी, तवा तिन्ही वेगळे ठेवा आणि पाटी लावा. नुसतं तोंडी 'यात अंडं नाही' म्हणू नका.

वरून घ्यायला मध, मुरंबा किंवा जॅम, कंडेन्स्ड मिल्क आणि स्मेताना, म्हणजे आंबट साय. ती सगळीकडे मिळत नाही. चक्क्यात थोडी ताजी साय घोटली की काम भागतं. साखर घालू नका, नाहीतर श्रीखंड होईल.

चहा उकळायचा नाही. लहान किटलीत दाट अर्क करायचा, त्याला 'झवार्का' म्हणतात : अर्धा लिटर उकळत्या पाण्यात आठ-दहा चमचे पत्ती, झाकून सहा-सात मिनिटं. कपात पाव भागापेक्षा कमी अर्क आणि वरून गरम पाणी. दूध नाही, लिंबाची चकती. मुरंबा बशीत वेगळा द्यायचा. सामोवार, म्हणजे पाणी उकळायचं रशियन भांडं नसलं तर विजेची किटली घ्या, त्यात कमीपणा काही नाही. कॅन्टीनच्या दुधाच्या चहाचा थर्मास मात्र त्याच टेबलावर ठेवू नका. सगळे तिकडेच जातात.

⚠️ वेळ : एका ब्लिनीला दोन मिनिटं धरा. दोन तव्यांवर शंभर म्हणजे शंभर मिनिटं, अधेमधे थांबणं धरून दोन तास. पाहुणे यायच्या तीन तास आधी तवे तापले पाहिजेत. दोन इंडक्शन शेगड्या आणि किटली एकाच प्लगवरून चालवलीत तर अख्ख्या मजल्याची वीज जाईल. वेगवेगळे पॉइंट आदल्या दिवशी शोधून ठेवा.

टप्पा ६ : प्रत्यक्ष कार्यक्रम, सात दिवस दीड तासात

सात टेबलं मांडून सात गट फिरवले की दिवसांचा क्रम तुटतो : कुणी रविवारपासून सुरुवात करतं, कुणी शुक्रवारपासून. म्हणून सोमवार आणि रविवार सगळ्यांचे एकत्र करा आणि मधले पाच दिवस फिरते ठेवा. सोमवार पंधरा मिनिटं. मग दहा-दहा जणांचे पाच गट, प्रत्येक टेबलाला बारा मिनिटं, म्हणजे तास. शेवटी रविवार पंधरा मिनिटं. प्रत्येकाच्या हातात 'पासपोर्ट' द्या, पाच चौकोन असलेला जाड कागद. टेबलावर रशियन बोलल्याशिवाय शिक्का नाही.

१. सोमवार, व्स्त्रेचा (स्वागत). दारात नावाचं कार्ड लिहायचं, तेही वडिलांच्या नावासह. रशियन माणसाला आदरानं हाक मारताना नाव आणि पितृनाम लागतं. आपल्या नावात वडील आधीच मधे बसलेले असतात, त्यामुळे मुलांना यात फार मजा येते. वडील विनोद असतील तर मुलगा विनोदोविच, मुलगी विनोदोव्ना. प्रकाश, सुरेश, अविनाश अशा 'श'नं संपणाऱ्या नावांना 'एविच' आणि 'एव्ना' : प्रकाशेविच, प्रकाशेव्ना. कार्ड लावल्यावर पुढचा दीड तास त्याच नावानं हाक मारायची. वडिलांचं नाव लावायचं नसेल त्यानं आईचं किंवा आजोबांचं घ्यावं. कुणाला कारण विचारू नका.

२. मंगळवार, झाइग्रिश (खेळ). 'रुचेयोक' खेळा : जोड्या हात वर धरून बोगदा करतात, एकटा उरलेला आतून जाताना एकाला हात धरून ओढून नेतो. ओढताना त्याला नावानं आणि पितृनामानं हाक मारायची, चुकला तर परत सुरुवातीपासून. रस्सीखेच व्हरांड्यात नको. फरशीवर पाय घसरतात.

३. बुधवार, लाकम्का (खाण्याचा दिवस). माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमातलं हे सगळ्यात कामाचं टेबल. ब्लिनी हातात आयती मिळत नाही, मागावी लागते : 'दायत्ये, पझालस्ता, ब्लिन स म्योदम.' मध हवा तर 'स म्योदम', मुरंबा हवा तर 'स वरेन्येम', स्मेताना हवी तर 'सा स्म्येतानय', कंडेन्स्ड मिल्क हवं तर 'सा स्गुश्शोन्कय'. तृतीया विभक्तीचे प्रत्यय वर्गात महिनाभर घोकून बसत नाहीत ते इथे दोन ब्लिनींत बसतात, कारण चुकीच्या विभक्तीला टेबलावरचा मुलगा ओढलेल्या चेहऱ्यानं नुसतं 'श्तो?' (काय?) म्हणतो आणि ब्लिनी मागे घेतो. दुसरी ब्लिनी पहिलीपेक्षा वेगळी मागायची. वाक्य लिहिलेला कागद टेबलावर ठेवू नका, भिंतीवर पाठीमागे लावा. वळून बघायची परवानगी आहे, हातात धरून वाचायची नाही.

रांग इथेच तुंबते. म्हणून ब्लिनी आधी भाजलेली हवीत आणि वाढायला दोन जण. तवा चालू ठेवायचा तो फक्त वासासाठी आणि शेवटच्या पाच-सहांसाठी.

४. गुरुवार, रझ्गूल (जल्लोष). इथे लोक मोबाइलवर गाणं लावून नाचतात. त्यापेक्षा चास्तूश्का करायला लावा : चार ओळींचं, यमक जुळलेलं, टिंगलीचं गाणं. गटानं बारा मिनिटांत एक रचायचं आणि टाळीवर म्हणायचं. विषय महाविद्यालयातलाच असावा. नमुना म्हणून ही टेबलावर ठेवा :

मी फ्स्तलोवुयु प्रिश्ली,
ब्लिन्चिकफ मी न्ये नश्ली.
येस्त् समसा, येस्त् वडा,
आ ब्लिनोफ न्येत निकग्दा!

कॅन्टीनला आलो, ब्लिनी काही सापडली नाहीत. समोसा आहे, वडा आहे, ब्लिनी मात्र कधीच नाहीत. व्याकरण सोपं, यमक ढोबळ, आणि 'नाही' म्हटल्यावर वस्तू षष्ठीत जाते हा नियम फुकटात. नव्या मुलांना शेवटचे शब्द मोकळे ठेवलेल्या ओळी द्या. शिक्षकांची टिंगल चालेल, एकमेकांच्या दिसण्याची नाही. हे आधीच सांगून टाका.

५. शुक्रवार, त्योश्शिनी वेच्योर्की (सासूची संध्याकाळ). या दिवशी बायकोची आई जावयाकडे येते. जोडीनं संवाद : जावई 'वी'नं बोलणार, चहा विचारणार, तब्येत विचारणार, सासू प्रत्येक गोष्टीत खोट काढणार. पाठ केलेला संवाद नको, फक्त पहिलं वाक्य ठरलेलं असावं.

६. शनिवार, झलोफ्किनी पसिद्येल्की (नणंदांची बैठक). सून नवऱ्याच्या बहिणींना बोलावते. नात्यांचा तक्ता इथे लावा. इंग्रजीतून रशियन शिकणारी मुलं या शब्दांत हमखास अडकतात, कारण मध्ये इंग्रजी उभं राहतं. मराठीतून सरळ गेलं की वाट मोकळी आहे : नणंद 'झलोफ्का', दीर 'द्येवेर', बायकोचा भाऊ 'शूरिन', बायकोची बहीण 'स्वयाचेनित्सा'. फक्त सासूपाशी सावध राहा. आपल्याला एका शब्दात चालतं, तिकडे बायकोची आई 'त्योश्शा' आणि नवऱ्याची आई 'स्विक्रोफ'. प्रत्येकानं स्वतःच्या घरातल्या दोन माणसांबद्दल एकेक वाक्य बोलायचं.

७. रविवार, प्रश्श्योनये वस्क्रिसेन्ये (क्षमेचा रविवार). सगळे गोल उभे राहतात. एक जण शेजाऱ्याला म्हणतो 'प्रस्ती मिन्या', मला माफ कर. उत्तर : 'बोख प्रस्तीत, इ या प्रश्शायु', देव माफ करेल आणि मीही करतो. मोठ्यांना म्हणताना 'प्रस्तीत्ये'. हे थट्टेवारी नेऊ नका. रशियात श्रद्धावान लोक ते मनापासून करतात. बाहुलीच्या अंगावर मुलांनी रशियनमध्ये लिहिलेल्या चिठ्ठ्या टोचून ठेवायच्या : जे मागे सोडायचं आहे ते एका शब्दात. आळस, परीक्षेची भीती, काहीही. मग बाहुली उचलून बाहेर न्यायची. जाळायची नाही.

⚠️ पाहुण्यांचं भाषण सोमवारच्या स्वागतात घ्या आणि पाच मिनिटांत संपवा. मधे घेतलंत तर फिरती थांबते आणि पुन्हा सुरू होत नाही.

पाहुण्यांच्या बाबतीत सावधानी

पुष्पगुच्छात फुलं विषम संख्येत हवीत : तीन, पाच, सात. सम संख्येची फुलं रशियात अंत्यविधीला नेतात. आपल्याकडचा फुलवाला बारा गुलाब बांधून देतो, म्हणून आदल्या दिवशी सांगा आणि हातात घेताना मोजा. उंबऱ्यावरून हस्तांदोलन करू नका किंवा वस्तू देऊ नका. तिकडे अनेक जण ते अशुभ मानतात. पाहुण्यांना आधी आत येऊ द्या.

रशियन बोलणारा प्रत्येक जण रशियाचा नसतो. तो बेलारूस, कझाकस्तान किंवा युक्रेनचा असू शकतो, आणि मास्लेनित्सा रशियापुरतीच नाही. ओळख करून देण्याआधी 'तुमची ओळख कशी करून देऊ?' असं सरळ विचारा. युद्धाचा विषय मुलं काढणार असतील तर पाहुण्यांना आधी विचारा. त्यांची तयारी नसेल तर प्रश्नोत्तरांतून तो वगळा.

टप्पा ७ : नंतरचे दोन दिवस

कार्यक्रम संपला की सगळे थकतात आणि विषय मिटतो. अठ्ठेचाळीस तासांच्या आत प्रत्येकाकडून भूतकाळात पाच रशियन वाक्यं लिहून घ्या : काय खाल्लं, कुणाशी बोललो, काय चुकलं. पूर्ण झालेली क्रिया आणि चालू असलेली क्रिया यांची क्रियापदं रशियनमध्ये वेगळी असतात, आणि 'मी दोन ब्लिनी खाल्ल्या' आणि 'मी ब्लिनी खात होते' यांतला फरक शिकवायला याहून ताजं उदाहरण मिळणार नाही. चुका लाल शाईनं भरून टाकू नका, क्रियापदाच्या जोडीपुरतं तपासा.

पासपोर्ट परत गोळा करा. कोणत्या टेबलावर शिक्के कमी पडले ते मोजा. नेहमी शुक्रवारचं टेबल कमी पडत असेल, तर संवादाचं पहिलं वाक्य अवघड आहे किंवा टेबलप्रमुख स्वतःच सगळं बोलतो आहे. फोटो लावण्याआधी ज्यांचे चेहरे आहेत त्यांना विचारा. पितृनामाचं कार्ड वाचता येईल असे फोटो लावू नका, त्यावर वडिलांचं नाव आहे.

शेगड्या, बाहुली आणि वाक्यांचे कागद एका खोक्यात भरून विभागात ठेवा, वर पुढच्या वर्षीची तारीख लिहा, आणि खोकं पहिल्या सत्रातल्या दोघांच्या नावावर करा. तिसऱ्या वर्षाची मुलं जूनमध्ये निघून जातात. उरलेला मैदा मात्र लगेच कॅन्टीनला देऊन टाका, त्याला पोरकिडे होतात.